दोन मिनिटांची तपासणी, पाच दिवसांचे प्रतिजैविक
सर्दी-खोकल्याच्या चिठ्ठीत अनावश्यक औषध का येते आणि ते कसे रोखता येईल

नवी दिल्ली : प्रतिजैविकांचा अविचारी वापर हा विषय आता वैद्यकीय परिषदांपुरता मर्यादित राहिलेला नाही. 18 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यानंतर सव्वा महिन्याने, 28 डिसेंबर रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालाचा दाखला दिला. न्यूमोनिया आणि मूत्रमार्गाच्या संसर्गावर प्रतिजैविकांचा प्रभाव कमी होत चालला आहे, असे सांगून ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, असे आवाहन त्यांनी केले. आवाहन रास्तच आहे. मात्र त्यापुढचा एक प्रश्न शिल्लक राहतो. रुग्ण स्वतःच्या मनाने काही न घेता डॉक्टरांकडे गेला, रांगेत थांबला, त्याने तपासून घेतले आणि तरीही साध्या खोकल्यासाठी त्याच्या हाती प्रतिजैविकाची चिठ्ठी पडली, तर त्याची कारणे कोठे शोधायची?

या प्रश्नाचे सोपे उत्तर 'डॉक्टरांचे अज्ञान' किंवा 'रुग्णांचा हट्ट' असे दिले जाते. उपलब्ध अभ्यास पाहता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. सर्दी-पडशावर प्रतिजैविक चालत नाही, हे वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षांतच शिकवले जाते. तरीही संध्याकाळच्या गर्दीच्या दवाखान्यात, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा सुट्टीच्या दिवशी उघड्या असलेल्या एकमेव चिकित्सालयात ते लिहिले जाते. कारण त्या क्षणी निर्णय घेताना जंतूंइतकेच वजन वेळेला, अनिश्चिततेला, रुग्णाच्या खिशाला आणि तो पुन्हा भेटेल की नाही या शंकेला असते. हे वजन ओळखल्याखेरीज केवळ उपदेशाने चिठ्ठी बदलणार नाही.

प्रश्नाचा आवाका

'द लॅन्सेट'मध्ये 2022 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार 2019 मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट 12.7 लाख मृत्यू झाले, तर सुमारे 49.5 लाख मृत्यूंशी अशा जिवाणूंचा संबंध होता. त्याच वर्षी भारतात थेट मृत्यूंची संख्या 2 लाख 97 हजार, तर संबंधित मृत्यूंची संख्या सुमारे 10 लाख 42 हजार होती, असा अंदाज आहे.

भारतातील खासगी क्षेत्रात 2019 मध्ये विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांचा अभ्यास 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात 2022 मध्येच आला. त्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दरडोई वापराचा विचार करता भारत अनेक देशांच्या मागे आहे. चिंता प्रमाणापेक्षा निवडीची आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रतिजैविकांचे तीन गट करते. 'अ‍ॅक्सेस' गटातील औषधे प्रथम वापरायची, 'वॉच' गटातील औषधे सावधपणे आणि मोजक्या आजारांत वापरायची, तर 'रिझर्व्ह' गटातील औषधे अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायची. भारतातील खासगी विक्रीत 'वॉच' गटाचा वाटा सुमारे 55 टक्के आणि 'अ‍ॅक्सेस' गटाचा अवघा 27 टक्के आढळला. सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील जाहीरनाम्यात मात्र जगभरातील मानवी वापरापैकी किमान 70 टक्के वापर 'अ‍ॅक्सेस' गटातील औषधांचा असावा, असे उद्दिष्ट 2030 पर्यंतसाठी ठरवण्यात आले. भारताला उलट दिशेने किती अंतर कापायचे आहे, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

त्याच अभ्यासात सर्वाधिक वापरले गेलेले औषध होते अ‍ॅझिथ्रोमायसिनची 500 मिलिग्रॅमची गोळी आणि त्यापाठोपाठ सेफिक्झिमची 200 मिलिग्रॅमची गोळी. दोन्ही 'वॉच' गटातील आहेत. घसा दुखतो, कफ पडतो, कणकण वाटते, अशा तक्रारींसाठी दिल्लीपासून नागपूरपर्यंत आणि इंदूरपासून बेळगावपर्यंत चिठ्ठीवर दिसणारी नावे हीच आहेत. पहिले औषध दिवसाला एक गोळी, तीन दिवस, इतके सुटसुटीत असल्याने ते 'तीन दिवसांचा कोर्स' याच नावाने घराघरांत ओळखले जाते.

आजाराचे दिवस आणि अपेक्षेचे दिवस

श्वसनमार्गाचे बहुतांश तात्पुरते आजार विषाणूंमुळे होतात आणि प्रतिजैविके विषाणूंवर काम करत नाहीत. सर्दी, फ्लू, नेहमीचा घसा दुखणे, श्वासनलिकांचा दाह हे आजार बहुधा आपोआप बरे होतात. मग रुग्ण आणि डॉक्टर दोघेही अस्वस्थ का होतात? कारण खोकला लवकर जात नाही. श्वासनलिकांच्या दाहावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये अमेरिकेत घेण्यात आला. त्यात खोकला सरासरी जवळजवळ 18 दिवस टिकत असल्याचे दिसले, तर लोकांच्या मते तो सात ते नऊ दिवसांत थांबायला हवा होता. म्हणजे दहाव्या दिवशी खोकणारा रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या अपेक्षित वाटेवरच असतो. स्वतःच्या हिशेबाने मात्र तो 'बरा न झालेला' असतो. औषध बदलून घेण्यासाठी तो दवाखाना गाठतो तो याच टप्प्यावर.

मार्च 2023 मध्ये एच3एन2 फ्लूची साथ पसरली तेव्हा भारतीय वैद्यकीय संघटनेने आपल्या सदस्यांना हेच बजावले होते. ताप साधारण तीन दिवसांत उतरतो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे लक्षणांपुरते उपचार करावेत, प्रतिजैविके देऊ नयेत, असे संघटनेचे निवेदन होते. लोक अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक आम्ल ही औषधे मात्रेचा विचार न करता घेतात आणि बरे वाटताच सोडून देतात, याकडेही तिने लक्ष वेधले होते.

या जोडीला काही रूढ समजुती आहेत. कफ पिवळा किंवा हिरवा झाला की 'जंतू वाढले' असे मानले जाते. वास्तविक हा रंग शरीराच्या पांढऱ्या पेशींतील द्रव्यांमुळे येतो आणि विषाणूजन्य आजारातही तो तितकाच स्वाभाविक आहे. चौथ्या दिवशी सुरू केलेल्या गोळीनंतर सहाव्या दिवशी उतार पडला, तर श्रेय गोळीला आणि डॉक्टरांच्या हातगुणाला मिळते. आजार त्या दिवशी तसाही ओसरणार होता, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि पुढच्या हिवाळ्यात कुटुंब तीच चिठ्ठी शोधून काढते. उत्तर भारतात नोव्हेंबरमध्ये हवा विषारी झाली की धुरामुळे होणारा खोकलाही याच रांगेत येऊन उभा राहतो. त्यात तर जंतूंचा संबंधच नसतो.

घाईच्या सेवेची घडण

नेहमीच्या कौटुंबिक डॉक्टरांना रुग्णाचा इतिहास ठाऊक असतो. 'दोन दिवस पाहू, ताप राहिला तर या' असे ते निर्धास्तपणे म्हणू शकतात. तातडीच्या सेवेत ही सोय नसते. समोरचा रुग्ण अनोळखी असतो, जुने कागद नसतात आणि तो पुन्हा त्याच डॉक्टरांकडे येण्याची शक्यता थोडी असते. निर्णय एकाच भेटीत उरकावा लागतो.

अशा रचनेचा परिणाम मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. विमा दाव्यांच्या आधारे केलेला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ज्या श्वसनविकारांत प्रतिजैविकाची गरजच नसते अशा भेटींचा होता. त्यांपैकी 'अर्जंट केअर' केंद्रांतील जवळपास 46 टक्के भेटींत प्रतिजैविक दिले गेले होते. रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत हे प्रमाण सुमारे 25 टक्के, नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत 17 टक्के, तर औषध दुकानांना जोडून चालणाऱ्या छोट्या चिकित्सालयांत 14 टक्के होते. यातील शेवटचा आकडा विशेष बोलका आहे. ती चिकित्सालयेही पूर्वभेट न ठरवता येणाऱ्यांसाठीच आहेत आणि तेथेही घाई असते. पण ती मोजक्या आजारांवर, लिखित उपचारपद्धतीनुसार काम करतात. घाई असली तरी नियमांची चौकट हाताशी असेल तर चिठ्ठी सुधारू शकते, असा अर्थ त्यातून काढण्यास जागा आहे.

दमणुकीचाही परिणाम होतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात 23 प्राथमिक दवाखान्यांतील सुमारे 21 हजार भेटी तपासण्यात आल्या. कामाच्या पहिल्या तासाच्या तुलनेत चौथ्या तासाला श्वसनविकारांसाठी प्रतिजैविक लिहिले जाण्याची शक्यता सुमारे एक-चतुर्थांशाने वाढलेली आढळली. रुग्ण तेच, आजार तेच, डॉक्टरही तेच, फक्त थकवा वाढलेला. 'नाही' म्हणण्यासाठी समजावून सांगावे लागते, 'घ्या' म्हणायला एक ओळ पुरते.

भारतात ही ओढाताण अधिक तीव्र आहे. प्राथमिक सल्ल्याच्या कालावधीचा जगभरातील आढावा 2017 मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील सरासरी भेट दोन मिनिटांच्या आसपास असल्याचे नोंदवले गेले. दोन मिनिटांत घसा पाहणे, छाती ऐकणे, श्वास मोजणे आणि औषध का नको हे सांगणे, यांतील एखादी गोष्ट वगळावीच लागते. बहुधा वगळले जाते ते समजावणे.

अनिश्चितता आणि भीती

डॉक्टरांच्या बाजूनेही न्याय्य विचार व्हायला हवा. भारतातील ताप हा एकसुरी नसतो. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला साधा फ्लू असेल, डेंग्यू असेल, मलेरिया, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस किंवा स्क्रब टायफसही असेल. यांपैकी काहींत प्रतिजैविक लवकर देणे जीव वाचवणारे ठरते. घशाच्या दुखण्याचीही तीच गत. मुलांमधील काही प्रमाणातील घसादुखी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास संधिवातजन्य ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. हा आजार भारतातून अद्याप हटलेला नाही. ताप आहे पण खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरा थर आहे आणि मानेतील पुढच्या गाठी दुखऱ्या आहेत, ही चार चिन्हे पाहून जिवाणूची शक्यता बऱ्यापैकी ताडता येते. पण त्यासाठीही ती शोधावी लागतात.

याच्या भरीला कायद्याचे आणि हिंसेचे भय आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. रुग्णाच्या हिताचा हा निर्णय असला तरी औषध दिले नाही म्हणून आजार बळावला, हा आरोप डॉक्टरांच्या मनात कायम घर करून असतो. अनावश्यक औषध दिल्याबद्दल त्यांना जाब विचारल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते. मध्यरात्रीच्या आपत्कालीन विभागात नातेवाइकांच्या घोळक्यासमोर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरांना दोन्हींपैकी कोणती चूक अधिक महाग पडेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रतिरोधाचा तोटा समाजाला आणि पुढे कधीतरी होतो. औषध न दिल्याचा तोटा आज आणि आपल्यालाच होईल, असे वाटत असते.

अपेक्षा कोणाची?

रुग्णांना प्रतिजैविकच हवे असते, हे गृहीतही तपासून पाहण्याजोगे आहे. या संदर्भात कर्नाटक आणि बिहारमधील 253 गावां-शहरांत झालेला आणि 2024 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला प्रयोग उद्बोधक आहे. तो श्वसनविकारांचा नसून बालकांच्या जुलाबाचा आहे. तरीही डॉक्टर-रुग्ण संवादाविषयी तो बरेच सांगून जातो. जीवनरक्षक क्षारसंजीवनी स्वस्त आणि परिचित असूनही ती लिहून का दिली जात नाही, याची कारणे संशोधकांनी वेगवेगळी केली. साठा संपणे किंवा आर्थिक लाभ यांचा वाटा किरकोळ निघाला. सुमारे 42 टक्के वाटा एकाच गोष्टीचा होता. 'रुग्णाला हे नको आहे' अशी डॉक्टरांची समजूत. रुग्णाने स्वतःहून तिचा उल्लेख केला की चिठ्ठी बदलत असे.

सर्दी-खोकल्याच्या बाबतीतही अशीच गैरसमजाची साखळी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. रुग्णाला हवा असतो दिलासा, आजार गंभीर नसल्याची खात्री आणि कामावर कधी जाता येईल याचे उत्तर. डॉक्टरांना ऐकू येते 'स्ट्राँग औषध द्या'. यात पैशाचाही भाग आहे. देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी 39.4 टक्के खर्च 2021-22 मध्ये लोकांनी थेट खिशातून केला. रोजंदारीवरील मजुराला दवाखान्याची फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. पुन्हा दाखवायला येण्याचा सल्ला त्याला परवडत नाही आणि हे ओळखणारे डॉक्टर 'असू द्या जवळ' म्हणून गोळी आधीच देऊन टाकतात. त्या क्षणी यामागे स्वार्थापेक्षा कणवच अधिक असते. परिणाम मात्र तोच होतो.

क्षयरोगाची सावली

भारतात खोकल्यावरील प्रतिजैविकाचा आणखी एक धोका आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश भारतात आहेत आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी करावी, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा जुना दंडक आहे. मुंबई आणि पाटणा येथे क्षयाची लक्षणे सांगण्याचे प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तींना रुग्ण म्हणून खासगी दवाखान्यांत पाठवून एक मोठी पाहणी करण्यात आली होती. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सुमारे 37 टक्के भेटींतच योग्य ती कार्यवाही झाली. उरलेल्यांत थुंकी किंवा एक्स-रे तपासणीऐवजी औषधांची निरनिराळी मिश्रणे पुढे आली. लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखे औषध क्षयाच्या जंतूवरही अंशतः काम करते. त्यामुळे काही दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि तेवढ्या काळात घरातील इतरांना लागण होत राहते. म्हणून तिसऱ्या आठवड्यातील खोकल्याला आणखी एका 'कोर्स'ची नव्हे, तपासणीची गरज असते.

कायदा आहे, पण भोकांसह

1 मार्च 2014 पासून औषध नियमांत 'एच-1' ही अनुसूची लागू झाली. तिच्यातील औषध विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र वहीत नोंदवणे आणि ती नोंद तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. 46 औषधांच्या त्या मूळ यादीत सेफिक्झिम आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन होते. अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र नव्हते. ते जुन्या 'एच' अनुसूचीत राहिले. म्हणजे चिठ्ठी हवीच, पण वेगळी नोंद नको. पुढे देशात सर्वाधिक खपणाऱ्या ठरलेल्या गोळीला कडक नोंदीच्या कक्षेबाहेर ठेवूनच हा नियम सुरू झाला.

नियम निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ नाही. दिल्ली, मुंबई आणि पाटणा येथील 622 औषध दुकानांत अशाच प्रशिक्षित 'रुग्णां'च्या मदतीने केलेल्या पाहणीत क्षयाची लक्षणे सांगणाऱ्यांना 37 टक्के प्रसंगी चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मिळाले. क्षयाचा प्रयोगशाळा अहवाल दाखवल्यावर हे प्रमाण 16 टक्क्यांवर आले. क्षयावरील पहिल्या फळीचे औषध मात्र एकाही दुकानदाराने परस्पर दिले नाही. ज्या औषधाचे गांभीर्य विक्रेत्याला पटलेले आहे, ते तो राखून ठेवतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल ते गांभीर्य निर्माण झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कमी देणे म्हणजेच योग्य देणे नव्हे

'प्रतिजैविक टाळा' हा संदेश सरसकट दिला तर तोही घातक ठरेल. जिवाणूजन्य न्यूमोनियात वेळेवर मिळालेले अ‍ॅमॉक्सिसिलिन बालकाचा जीव वाचवते आणि ते 'अ‍ॅक्सेस' गटातील, स्वस्त औषध आहे. हा फरक ओळखण्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. लागते ते सेकंदकाटा असलेले घड्याळ. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बालकाने मिनिटाला 50 किंवा अधिक, तर एक ते पाच वर्षांच्या बालकाने 40 किंवा अधिक श्वास घेणे, ही न्यूमोनियाची खूण मानली जाते. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर ती अधिक गंभीर समजावी. केंद्र सरकारच्या 2019 मधील 'सांस' मोहिमेने आशा कार्यकर्तींना हीच खूण ओळखून पहिली मात्रा देण्याचे आणि बालकाला पुढे पाठवण्याचे काम सोपवले. प्रौढांमध्येही मिनिटाला 30 किंवा अधिक श्वास, गोंधळलेली मनःस्थिती, घसरलेला रक्तदाब, बोटावरील यंत्रात प्राणवायूची कमी झालेली पातळी, ही धोक्याची चिन्हे आहेत. गावातील आशा मिनिटभर श्वास मोजू शकते, तर शहरातील दवाखान्यातही ते अशक्य नसावे. चिठ्ठीपूर्वीचा हा एक मिनिट अनावश्यक औषध थांबवतो आणि आवश्यक औषध चुकू देत नाही.

काय उपयोगी पडते?

परदेशातील प्रयोगांतून काही उपाय सिद्ध झाले आहेत. बॉस्टन आणि लॉस एंजेलिस परिसरातील 47 दवाखान्यांत 18 महिने चाललेला एक प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविक लिहिताना त्याचे कारण रुग्णाच्या नोंदीत लिहायला लावल्यावर अनावश्यक वापर 23.2 टक्क्यांवरून 5.2 टक्क्यांवर आला. आपण सहकाऱ्यांच्या तुलनेत कोठे आहोत, हे डॉक्टरांना नियमित कळवल्यावर तो 19.9 वरून 3.7 टक्क्यांवर आला. तुलनेच्या गटातही घट झाली होती, पण ती इतकी मोठी नव्हती. इंग्लंडमध्ये सर्वाधिक प्रतिजैविके लिहिणाऱ्या दवाखान्यांना मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने केवळ एक पत्र पाठवण्यात आले, तेव्हा सहा महिन्यांत 73 हजारांहून अधिक चिठ्ठ्या वाचल्या. यांत कोणालाही दंड नव्हता की बंदी नव्हती.

भारतातही या दिशेचे पाऊल पडले आहे. 1 जानेवारी 2024 रोजी आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना पत्र पाठवून प्रतिजैविक लिहिताना त्याचे नेमके कारण चिठ्ठीवर नमूद करण्याची विनंती केली. औषधविक्रेत्यांनाही चिठ्ठीशिवाय औषध न देण्यास बजावले. 'विषाणूजन्य खोकला' असे कारण लिहून त्याखाली प्रतिजैविक लिहिणे अवघड असते, हीच या सूचनेची ताकद. पण विनंती आणि पद्धत यांत अंतर आहे. ही नोंद संगणकीय चिठ्ठीतील अनिवार्य रकाना झाली आणि तिचा हिशेब डॉक्टरांना परत मिळू लागला, तरच ती टिकेल.

केरळने याहून व्यापक मार्ग धरला. 2018 मध्ये स्वतःचा कृती आराखडा आखणाऱ्या या राज्याने 2024 पासून चिठ्ठीविना विक्रीविरुद्ध तपासण्या सुरू केल्या, प्रतिजैविके ओळखता यावीत म्हणून निळ्या पाकिटांचा वापर आरंभला आणि आरोग्य केंद्रांसाठी 'अँटिबायोटिक स्मार्ट' हा दर्जा ठरवला. प्रतिजैविकांच्या विक्रीत 20 ते 30 टक्के घट झाल्याचा दावा राज्य सरकारने केला आहे. इतर राज्यांनी त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे डॉक्टर, विक्रेता आणि नागरिक या तिघांनाही एकाच वेळी हात घालणे.

'थांबून पाहण्याची चिठ्ठी' हाही पाश्चात्त्य देशांत रुळलेला उपाय आहे. औषध लिहून दिले जाते, पण दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यासच ते घ्यावे, असे सांगितले जाते. अशा अभ्यासांच्या 2017 मधील आढाव्यात लगेच घेण्यासाठी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी 93 टक्क्यांनी, तर थांबून पाहण्यास सांगितलेल्यांपैकी 31 टक्क्यांनीच प्रतिजैविक घेतले आणि समाधानात फारसा फरक पडला नाही. भारतात हा उपाय जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. येथे चिठ्ठी हाती आली की दुकान दहा पावलांवर असते. त्याऐवजी धोक्याच्या चिन्हांची मराठी, हिंदी किंवा स्थानिक भाषेतील छोटी यादी, तिसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून मोफत चौकशी आणि गरज भासल्यास त्याच शुल्कात फेरतपासणी, ही व्यवस्था अधिक जुळणारी ठरेल. रुग्णाला परत येण्याची हमी मिळाली, तरच डॉक्टरांना थांबण्याचे धैर्य मिळेल.

नव्या औषधाची परीक्षा

नोव्हेंबर 2024 मध्ये नॅफिथ्रोमायसिन या नव्या भारतीय प्रतिजैविकाची घोषणा झाली. मुंबईस्थित वोक्हार्ट कंपनीने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान यंत्रणेच्या साहाय्याने, दीर्घ संशोधनानंतर ते विकसित केले. समाजात पसरणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियासाठी, अवघ्या तीन दिवसांच्या उपचारासाठी ते आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण 'तीन दिवसांचा कोर्स' ही ओळख अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही होती आणि आज ते नाव कशाशी जोडले गेले आहे, हे वर आलेच आहे. नवे औषध घडायला दशकाहून अधिक काळ लागतो. त्याची धार बोथट व्हायला काही हिवाळे पुरतात.

दुसऱ्या कृती आराखड्याचे यश मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत मोजले जाईलच. त्याची खरी कसोटी मात्र संध्याकाळी आठ वाजता, चाळिसाव्या रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरांच्या टेबलावर लागेल. तेथे श्वास मोजण्याइतका वेळ, कारण लिहिण्याची सवय आणि रुग्णाला परत बोलावण्याची सोय असेल, तर 'या खोकल्याला प्रतिजैविक नको' हे वाक्य उच्चारणे सोपे होईल. रुग्णानेही 'मला प्रतिजैविक लागेल का, आणि कोणते लक्षण दिसल्यास मी पुन्हा यावे?' एवढे विचारले, तरी त्या दोन मिनिटांचा उपयोग बदलू शकतो.